गणिताचा सराव

प्रस्तावना

गणित हा विषय शालेय अभ्यासक्रमातील अन्य विषयांहून एका बाबतीत निराळा आहे. इतिहासाचा एखादा धडा वाचायचा राहिला, तरी पुढचा धडा समजण्यास फारशी अडचण येत नाही. गणितात तसे होत नाही. हातच्याची वजाबाकी पक्की नसेल तर भागाकार अडतो. भागाकार अडला की अपूर्णांक कठीण वाटू लागतात. आणि अपूर्णांकांशी सलगी झाली नाही, तर शेकडेवारी व व्याज ही प्रकरणे परकीच राहतात. तिसरीत राहिलेली उणीव सातवीत दिसून येते, आणि त्या वेळी तिचे मूळ कोठे आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्यांची शाळा मध्येच सुटली, अशा अनेकांच्या मनात ‘गणित आपल्या डोक्यातच नाही’ ही समजूत घर करून बसलेली असते. ही समजूत कितपत खरी आहे आणि प्राथमिक शाळेतील गणित प्रत्यक्षात कसे पक्के होते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मूळ पाठ

कोठे अडते?

दुसरी-तिसरीतील मुलासमोर ५२ वजा २८ हे उदाहरण ठेवले, तर काही मुले ३६ असे उत्तर लिहितात. हे उत्तर केवळ निष्काळजीपणाने आलेले नसते. एकक स्थानी २ मधून ८ जात नाहीत हे मुलाला दिसते. म्हणून ते ८ मधून २ वजा करते आणि ६ लिहिते. दशक स्थानी ५ मधून २ गेले, ३ राहिले. मुलाने एक नियम मनाशी ठरवला आहे : मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. हा नियम त्याला आजवर बहुतेक वेळा उपयोगी पडलेला असतो, म्हणूनच तो सोडवत नाही. अशा मुलाला याच प्रकारची पन्नास उदाहरणे सोडवायला दिली, तर चुकीचाच नियम पन्नास वेळा घोटला जाईल. सरावाविषयी बोलताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

याच मुलापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवाव्यात व त्यांतून अठ्ठावीस काड्या मागाव्यात. आठ सुट्या काड्या देण्यासाठी एक गठ्ठा सोडावा लागतो, हे ते आपल्या हातांनी करून पाहते. गठ्ठे चार उरतात, सुट्या काड्या बारा होतात. बारांतून आठ गेल्या, चार राहिल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन राहिले. उत्तर २४. ‘हातचा घेणे’ म्हणजे गठ्ठा सोडणे, हे एकदा उमगले की मग पन्नास उदाहरणांचा सराव सार्थकी लागतो.

ही अडचण थोड्याथोडक्या मुलांची नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची व गणिताची घरोघरी जाऊन चाचणी घेणारी ‘असर’ ही पाहणी २००५ साली सुरू झाली. तिच्या चाचणीत हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढ्याच गोष्टी प्रामुख्याने विचारल्या जातात. २०२२ च्या पाहणीत इयत्ता तिसरीतील २५.९ टक्के मुलांना अशी वजाबाकी करता आली. २०२४ मध्ये हे प्रमाण ३३.७ टक्के झाले. पाचवीतील ३०.७ टक्के मुलांना २०२४ मध्ये भागाकार जमला. सुधारणा झाली आहे, हे निश्चित. तरीही तिसरीतील तीन मुलांपैकी दोन मुले त्या गठ्ठ्यापाशीच अडलेली आहेत, असाही या आकड्यांचा अर्थ होतो. देशातील प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचन आणि अंकगणित यावे, यासाठी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू केले, त्यामागे हीच चिंता होती.

उजळणी आणि परवचा

महाराष्ट्रात पाढ्यांच्या पुस्तकाला व पाढे म्हणण्याच्या रिवाजाला ‘उजळणी’ असे म्हणत. भांडे जसे रोज घासून उजळावे, तशी विद्याही रोज उजळावी, हा अर्थ त्या शब्दातच आहे. दिवेलागणीच्या वेळी घरातील मुले ओळीने बसून पाढे व श्लोक म्हणत, तो परवचा. ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ या ठेक्यात शब्द असे बसवले होते, की अर्थ कळण्याआधीच ते जिभेवर रुळत. पाढे दहापर्यंत येऊन थांबत नसत. तिसापर्यंत पाठ करण्याची पद्धत होती. त्यांच्या जोडीला अपूर्णांकांचे पाढे असत. पावकी म्हणजे पावपट, निमकी म्हणजे निम्मे, पाऊणकी म्हणजे पाऊणपट, सवायकी म्हणजे सव्वापट, दिडकी म्हणजे दीडपट, अडीचकी म्हणजे अडीचपट. औटकी हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. औट म्हणजे साडेतीन.

हे सारे पाठांतर हौसेखातर नव्हते. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होत. मणाचे चाळीस शेर होत. चार, सोळा, चाळीस या पायऱ्यांवर चालणाऱ्या व्यवहारात पाव, निम्मे आणि पाऊण यांचा हिशेब पावलोपावली करावा लागे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने रूढ झाली, आणि या पाढ्यांची निकड ओसरली. शाळांनी त्यांना निरोप दिला, तो काहीसा घाईनेच दिला असे म्हणावे लागेल. कारण वजने बदलली तरी जीभ बदललेली नाही. भाजीबाजारात आजही गिऱ्हाईक पाव किलो भेंडी, सव्वा किलो कांदे आणि अडीच किलो बटाटेच मागते. साठ रुपये किलोच्या भेंडीचे पाव किलोला पंधरा, सव्वा किलोला पंचाहत्तर आणि दीड किलोला नव्वद रुपये होतात, हे ज्याला क्षणात सांगता येते, त्याला पावकी, सवायकी आणि दिडकी येते. मग ती त्याने कोणत्याही नावाने शिकलेली असो.

मराठी मुलाला अंकगणितात आणखी एका गोष्टीचा सराव करावा लागतो, तो म्हणजे संख्यांच्या नावांचा. शंभरापर्यंतच्या प्रत्येक संख्येचे नाव जवळजवळ स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे लागते. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आधी सात येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी ४ आणि मग ७ लिहायचे. त्यामुळे ऐकलेले ४७ वहीत ७४ होऊन उतरते. ‘एकोणसाठ’ हा तर हमखास फसवणारा शब्द आहे. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे. साठाला एक कमी म्हणून ५९. मुलाच्या कानावर ‘साठ’ पडतो, पुढे कोठेतरी नऊ आहेत असे आठवते, आणि ते ६९ लिहून मोकळे होते. त्यातून ९९ ला ‘एकोणशंभर’ म्हणावे, तर तेथे नियम मोडून ‘नव्याण्णव’ येते. जून २०१९ मध्ये महाराष्ट्रातील दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’बरोबरच ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी मांडणी देण्यात आली, तेव्हा राज्यभर मोठी चर्चा झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी, लहान मुलांना जोडाक्षरयुक्त व उलट्या क्रमाच्या संख्यानामांमुळे अडचण होते, अशी भूमिका मांडली. अनेकांना ही भाषेची हानी वाटली. बेळगाव किंवा हैदराबाद येथील मराठी मुलाला मात्र दोन्ही रीती परिचित असतात. कारण कानडीत आणि तेलुगूत ‘वीस एक’ याच क्रमाने बोलले जाते. घरची मराठी आणि बाहेरची भाषा यांत संख्यांचा क्रम निराळा आहे, हे अशा मुलाला सुरुवातीसच सांगितले, तर त्याचा पुष्कळ गोंधळ टळतो.

पाठांतर आणि समज

पाढे पाठ करावेत की समजून घ्यावेत, असा वाद अधूनमधून ऐकू येतो. वस्तुतः या वादात फारसा अर्थ नाही. सात आठे किती, असे विचारल्यावर ज्या मुलाला ‘सात एके सात’पासून सुरुवात करावी लागते, त्याला सातचा पाढा पाठ आहे, पण तो वापरता येत नाही. उलट, ज्याला गुणाकाराचा अर्थ उत्तम कळला आहे परंतु दर वेळी बोटांवर मोजावे लागते, त्याचे सारे लक्ष मोजण्यातच खर्च होते आणि मुख्य उदाहरण हातून निसटते. पाढे पाठ असण्याचा खरा लाभ हा, की डोके मोकळे राहते.

पाढ्यांचे ओझे वाटते तेवढे मोठेही नाही. दहापर्यंतच्या पाढ्यांत एकूण शंभर गुणाकार असतात. त्यांतील एकचे व दहाचे गुणाकार शिकवावे लागत नाहीत. ३ × ७ आणि ७ × ३ यांचे उत्तर एकच, हे कळल्यावर उरलेले ६४ गुणाकार ३६ वर येतात. त्यांतून दोनचे आणि पाचचे गुणाकार वगळावेत, कारण ते मुलांना लवकर येतात. मग ३, ४, ६, ७, ८ आणि ९ या अंकांचे आपसातील अवघे एकवीस गुणाकार उरतात. आठवड्याला तीन याप्रमाणे ते सात आठवड्यांत पक्के होऊ शकतात. ज्याला पाढ्यांची भीती वाटते, त्याने ही वजाबाकी एकदा स्वतः कागदावर करून पाहावी.

गुणाकार अनेक वाटांनी करता येतो, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणितविषयक भाग. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ‘लीलावती’त गुणाकाराचे उदाहरण म्हणून १३५ ला १२ ने गुणण्यास सांगितले आहे, आणि ते एकाच रीतीने सोडवून भास्कराचार्य थांबत नाहीत. १२ चे ८ आणि ४ असे भाग पाडले, तर १०८० आणि ५४० मिळून १६२० होतात. १२ म्हणजे ३ × ४, म्हणून १३५ ची तिप्पट ४०५ आणि तिची चौपट १६२०. २० ने गुणून २७०० करावेत व ८ पट, म्हणजे १०८०, वजा करावेत. उत्तर पुन्हा १६२०. स्थानांनुसार १० पट व २ पट घेतली, तर १३५० आणि २७० यांची बेरीजही तीच. सरावाचा हा एक उत्तम नमुना होय. निरनिराळी चार उदाहरणे एका रीतीने सोडवण्यापेक्षा एकच उदाहरण चार रीतींनी सोडवले, तर संख्येशी अधिक जवळीक होते. शिवाय पहिले उत्तर बरोबर आहे की नाही, याची साक्ष दुसरी रीत देते. त्यासाठी गुरुजींकडे वही न्यावी लागत नाही.

देवळालीचे शिक्षक

शाळेतल्या साध्या वजाबाकीने एका शिक्षकाला किती दूर नेले, हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेऊन १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद होता, आणि तो त्यांनी आयुष्यभर जोपासला.

१९४६ साली त्यांना पुढील गोष्ट आढळली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी; तिचे सर्व अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. उदाहरणार्थ, ३५२४ ही संख्या घेतली तर

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर हीच क्रिया केली, तर ७६४१ − १४६७ = ६१७४ हेच उत्तर पुन्हा येते. कोणत्याही संख्येपासून प्रारंभ केला, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येऊन ठेपतो. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. त्या काळी अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे करमणूक म्हणून पाहिले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले. ६१७४ ला आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

प्राथमिक शाळेतील मुलासाठी या शोधाचे मोल निराळेच आहे. एकाच संख्येपासून सुरुवात करून ते हातच्याच्या पाच-सहा वजाबाक्या आनंदाने करते, आणि मध्ये एखादा हातचा चुकला तर आपली चूक आपणच शोधू शकते. तीन अंकी संख्यांत ही क्रिया ४९५ वर येऊन थांबते. ८३१ पासून सुरुवात करावी : ८३१ − १३८ = ६९३, ९६३ − ३६९ = ५९४, ९५४ − ४५९ = ४९५. यांतील प्रत्येक उत्तराचा मधला अंक ९ आहे आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ आहे. हा योगायोग नव्हे. मधल्या स्थानी वर-खाली तोच अंक असतो, आणि एककासाठी तेथून हातचा गेलेला असतो. म्हणून तेथे ९ शिवाय दुसरे काही येऊच शकत नाही. मधला अंक ९ आला नाही, तर हातचा विसरला असे मुलाने ओळखावे. दोन अंकी संख्यांत मात्र शेवटचा थांबा नाही. ५२ घेतल्यास २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७ असे चक्र फिरत राहते. या सर्व संख्या नवाच्या पाढ्यातील आहेत, हे सांगण्याची घाई न करता मुलाला स्वतःला पाहू द्यावे.

बाजारातला हिशेब आणि वहीतला हिशेब

‘गणित येत नाही’ म्हणणारी व्यक्ती व्यवहारात अनेकदा चोख हिशेब करते. या विसंगतीचा शोध घेणारा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांचा त्यात सहभाग होता. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत विक्रीचे काम करणारी मुले गिऱ्हाइकाच्या मालाची किंमत व परत द्यायचे पैसे मनातल्या मनात बिनचूक सांगत. परंतु त्याच तोडीची उदाहरणे शाळेतल्यासारखी कागदावर मांडून दिली, की त्यांतील बहुतेक मुले अडखळत. ज्यांनी कधी बाजारात काम केले नव्हते, अशा शाळकरी मुलांची स्थिती उलट होती. कागदावर त्यांना बरे जमे, बाजाराचा हिशेब मात्र अवघड जाई. एका ठिकाणचा सराव दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही, असा याचा अर्थ.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. दुकानात, शेतात, बांधकामावर किंवा शिवणयंत्रावर काम करणाऱ्याने वर्षानुवर्षे हिशेब केलेला असतो. त्याला गणित नव्याने शिकायचे नसते; डोक्यातला हिशेब कागदावर उतरवायचा असतो. शंभराच्या नोटेतून ६८ रुपये घेऊन दुकानदार ‘अडुसष्ट, सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर’ असे मोजत बत्तीस परत करतो. ही वजाबाकीच आहे, फक्त ती बेरजेच्या वाटेने केलेली आहे. तीच क्रिया १०० − ६८ अशी उभी मांडली की अनोळखी वाटते. कारण दोन शून्यांतून हातचा आणावा लागतो. दिवसाकाठी असा एक व्यवहार वहीत दोन्ही रीतींनी लिहिला, तर ही दरी हळूहळू बुजते. घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याच्यासाठीही हा उद्योग चांगला : त्याला कागदावरची रीत येते, आईवडिलांना बाजारातली. दोघांनीही एकमेकांना शिकवावे.

किती आणि केव्हा?

परीक्षेच्या आदल्या दिवशी चार तास गणिते सोडवणे आणि रोज पंधरा मिनिटे सोडवणे, यांत फरक का पडतो, याचे उत्तर मानसशास्त्राने फार पूर्वी दिले आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते पाठ करीत आणि काही काळाने किती आठवते हे मोजत. विसरण्याचा वेग पाठांतरानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो, असे त्यांना आढळले. दुसरे निरीक्षण अधिक उपयोगाचे आहे. बारा अक्षरसमूहांच्या यादीसाठी एकाच दिवशी केलेल्या ६८ आवर्तनांचा जो परिणाम झाला, तेवढाच परिणाम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधला. परवचा रोज संध्याकाळी म्हणून घेणाऱ्या आजीआजोबांनी एबिंगहाउसचे नाव ऐकले नव्हते. पण त्यांचा रिवाज या निष्कर्षाला धरूनच होता.

रोजचा सराव थोडा असावा, पण मिश्र असावा. वहीच्या एका पानावर केवळ हातच्याच्याच वजाबाक्या असतील, तर मूल विचार न करता प्रत्येक वेळी हातचा घेऊ लागते. मग ५८ − २३ मध्येही ते हातचा घेते. चार बेरजा, तीन वजाबाक्या आणि एखादे शाब्दिक उदाहरण असे पान असावे, म्हणजे कोणती क्रिया करायची हे आधी ठरवावे लागते. घड्याळ लावून पाढे विचारण्याची आणि चुकल्यास सर्वांदेखत उभे करण्याची पद्धत अनेक शाळांत होती. तिने किती मुले तयार झाली हे सांगता येत नाही. पण भीती वाटत असताना ठाऊक असलेले उत्तरही आठवत नाही, हा अनुभव ती पद्धत सोसलेल्या प्रत्येकाला आहे. वेग सरावामागून येतो. तो आधी मागू नये.

चिकाटी या शब्दाचाही अर्थ येथे नीट पाहावा लागतो. न जमणारे उदाहरण तासन्‌तास धरून बसणे म्हणजे चिकाटी नव्हे. चुकलेल्या उदाहरणाकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा येणे, मग आठवड्याने पुन्हा येणे, ही खरी चिकाटी. यासाठी चुकांची स्वतंत्र वही ठेवावी. (जुन्या पाटीचा एक मोठा दोष हा होता, की चूक ओल्या फडक्याने पुसली जाई आणि तिचा मागमूसही उरत नसे.) या वहीत चुकलेले उदाहरण न खोडता तसेच ठेवावे, शेजारी बरोबर उत्तर लिहावे आणि चूक कोठे झाली ते एका वाक्यात नोंदवावे. ६१२ भागिले ६ याचे उत्तर १२ आले, तर ‘दशकात १ आहे, त्याला ६ ने भाग जात नाही, तेथे शून्य लिहायचे राहिले, उत्तर १०२’ एवढी नोंद पुरे. महिन्याभराने ही वही चाळली, की एक गोष्ट प्रत्येकाच्या ध्यानात येते : चुका पुष्कळ असतात, पण चुकांचे प्रकार तीन-चारच असतात. कोणाचा हातचा राहतो, कोणाचे भागाकारातील शून्य हरवते, कोणाला सात आठे आणि सात नवे यांत घोटाळा होतो. ‘गणित येत नाही’ या मोठ्या वाक्याच्या जागी ‘भागाकारातील शून्य चुकते’ हे लहान वाक्य आले, म्हणजे काय करायचे ते समजते.

शब्दार्थ

उजळणी – पुन्हा पुन्हा म्हणून पक्के करणे, पाढ्यांचे पुस्तक. परवचा – संध्याकाळी पाढे, श्लोक इत्यादी म्हणणे. औट – साडेतीन. हातचा – एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी नेलेला अंक. आवर्तन – पुन्हा एकदा म्हणणे किंवा करणे. स्थिरांक – न बदलणारी संख्या. विसंगती – मेळ नसणे.

स्वाध्याय

१. एका मुलाने ६४ − ३७ याचे उत्तर ३३ लिहिले. त्याने कोणता नियम वापरला असावा? त्याला बरोबर उत्तर काड्यांच्या गठ्ठ्यांनी कसे समजावून द्याल, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

२. २५ × १६ हा गुणाकार निदान तीन रीतींनी करा. तुम्हाला कोणती रीत सोपी वाटली व का?

३. ७२ रुपये किलो दराच्या डाळीचे पाव किलो, सव्वा किलो आणि अडीच किलोचे पैसे तोंडी काढा. नंतर तेच कागदावर मांडून पडताळून पाहा.

४. २०११ या संख्येपासून सुरुवात करून ६१७४ येईपर्यंत कापरेकरांची क्रिया करा. किती पायऱ्या लागल्या? नंतर आपल्या जन्मवर्षावर हीच क्रिया करा.

५. ‘डोक्यातला हिशेब कागदावर उतरवायचा असतो’ या विधानाचा अर्थ तुमच्या स्वतःच्या कामातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.